फाबियो ताल्योनी

फाबियो ताल्योनी (जन्म : १० सप्टेंबर १९२०, लुगो, इटली, मृत्यू : १८ जुलै २००१, बोलोन्या, इटली) हे इटालियन यंत्र-अभियंते व मोटरसायकल इंजिनांचे रचनाकार होते. इ.स. १९५४ पासून तीन दशके ते बोलोन्या येथील डुकाटी या कंपनीच्या तांत्रिक विभागाचे प्रमुख होते. इंजिनाची झडप स्प्रिंगच्या साहाय्याने नव्हे, तर यंत्राच्याच जोरावर बंद करणारी ‘डेस्मोड्रोमिक’ रचना त्यांनी मोटरसायकलच्या शर्यतीत यशस्वी करून दाखविली आणि पुढे ती सामान्य ग्राहकाच्या गाडीतही आणली. समकोनात बसविलेल्या दोन सिलिंडरांचे इंजिन हीही डुकाटीला त्यांनीच दिलेली ओळख होय. शर्यतीच्या मार्गावर जे टिकते तेच दुकानातून विकले जावे, या आग्रहापोटी त्यांनी कंपनीला कीर्ती मिळवून दिली. त्याच आग्रहामुळे कारखान्याच्या व्यवस्थापनाशी त्यांचे अनेकदा मतभेदही झाले.

प्रारंभिक जीवन

लुगो हे उत्तर इटलीच्या रोमान्या प्रदेशातील एक लहान गाव. पहिल्या महायुद्धातील प्रसिद्ध इटालियन वैमानिक फ्रांचेस्को बाराक्का हे याच गावचे. त्यांच्या विमानावर रंगविलेला उसळता घोडा पुढे फेरारी मोटारींचे बोधचिन्ह म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. ताल्योनी यांचे वडीलही त्या युद्धात लष्करी वैमानिक होते. गावच्या या नात्यामुळे ताल्योनी यांनी आपल्या शर्यतीच्या काही मोटरसायकलींवर हाच घोडा रंगवून घेतला होता. आज तो घोडा डुकाटीवर पाहिला तर वाचकास नवल वाटेल, पण त्याच्यावर लुगोकरांचा हक्क काही कमी नव्हता.

ताल्योनी यांनी बोलोन्या विद्यापीठात यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धामुळे ते लांबले आणि इ.स. १९४८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांना पदवी मिळाली. त्यानंतर काही काळ त्यांनी इमोला येथील तांत्रिक शाळेत अध्यापन केले. त्यांचे पहिले महत्त्वाचे इंजिन याच शाळेतले. ७५ घन सेंटिमीटर क्षमतेच्या छोट्या चार-स्ट्रोक इंजिनाचा आराखडा त्यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने तयार केला. फळ्यावर काढलेली आकृती प्रत्यक्ष धातूत उतरते आणि धावते, हे पाहण्याचे भाग्य फार थोड्या वर्गांच्या वाट्याला येते. चेक्कातो या कंपनीने ही रचना विकत घेतली आणि ताल्योनी यांचे नाव मोटरसायकल व्यवसायात पोहोचले. यानंतर ते मोंडियाल या कंपनीत गेले. इ.स. १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे १२५ घन सेंटिमीटर वर्गाचे विश्वविजेतेपद मोंडियालने मिळविले होते. लहान इंजिनातून मोठी शक्ती काढण्याची विद्या तेव्हा इटलीत या कंपनीइतकी क्वचितच कोणाला अवगत असेल.

डुकाटीत प्रवेश

डुकाटी ही मुळात मोटरसायकलची कंपनी नव्हती. आंतोनियो काव्हालिएरी डुकाटी आणि त्यांचे तीन पुत्र यांनी इ.स. १९२६ मध्ये बोलोन्यात रेडिओचे सुटे भाग बनविण्यासाठी ती स्थापन केली. शहराबाहेरील बोर्गो पानिगाले येथे उभारलेला तिचा मोठा कारखाना ऑक्टोबर १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले तेव्हा रेडिओपेक्षा स्वस्त वाहनाची गरज अधिक होती. त्यामुळे डुकाटीने ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, या नावाचे ४८ घन सेंटिमीटरचे इंजिन परवान्याने बनविण्यास घेतले. साध्या सायकलला जोडता येणारे हे इंजिन अत्यंत लोकप्रिय झाले. पुढे कंपनी सरकारच्या ताब्यात गेली, तिचे दोन भाग झाले आणि वाहने बनविणाऱ्या भागाची सूत्रे जुझेप्पे मोंतानो यांच्याकडे आली.

मोंतानो यांना नेमणूक जरी सरकारने दिलेली असली, तरी शर्यतींचे महत्त्व त्यांना पुरेपूर कळत होते. त्या काळच्या इटलीत गावोगावच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या दीर्घ शर्यती हीच गाडीची खरी जाहिरात असे. ‘मोटोजिरो’ ही देशभर टप्प्याटप्प्याने चालणारी शर्यत आणि मिलानपासून तारांतोपर्यंतची सुमारे चौदाशे किलोमीटरची शर्यत, या दोन्हींकडे सबंध देशाचे लक्ष असे. ज्या कंपनीची गाडी तेथे पहिली येई, तिची विक्री पुढच्या आठवड्यातच वाढत असे. मोंतानो यांनी मे १९५४ मध्ये ताल्योनी यांना डुकाटीत आणले आणि अशी गाडी तयार करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले.

काही महिन्यांतच ‘ग्रान स्पोर्ट १००’ ही गाडी उभी राहिली. इंजिन प्रत्यक्षात ९८ घन सेंटिमीटरचे, एका सिलिंडरचे होते. इ.स. १९५४ हे वर्ष कॅथलिक चर्चने मारियावर्ष म्हणून पाळले होते, त्यावरून लोकांनी गाडीस ‘मारियाना’ असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. या इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट सिलिंडरच्या डोक्यावर होता आणि त्याला गती देण्यासाठी एक उभा दांडा व बेव्हल गियरच्या जोड्या बसविल्या होत्या. साखळीपेक्षा ही रचना महाग असली, तरी ती ताणली जात नाही आणि अचूक राहते. डुकाटीच्या इंजिनाच्या बाजूस दिसणारा हा उभा दांडा पुढे सुमारे तीस वर्षे टिकला. इ.स. १९५५ च्या मोटोजिरोत ज्यान्नी देल्यी अंतोनी यांनी मारियानावर आपल्या वर्गात विजय मिळविला. पुढच्या वर्षी जुलियानो माओज्जी यांनी १२५ घन सेंटिमीटरच्या डुकाटीवर ही सबंध शर्यतच जिंकली.

झडपेचा प्रश्न

ताल्योनी यांचे सर्वांत मोठे कार्य समजून घ्यायचे तर इंजिनाची एक अडचण आधी समजून घेतली पाहिजे. चार-स्ट्रोक इंजिनाच्या डोक्यात इंधन आत घेणारी आणि जळलेला वायू बाहेर सोडणारी अशा किमान दोन झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, असतात. फिरणारा कॅम झडपेला ढकलून उघडतो. ती परत मिटविण्याचे काम स्प्रिंग करते. दाराला लावलेली स्प्रिंग दार आपोआप बंद करते, तसाच हा प्रकार. परंतु कोणी ते दार क्षणाक्षणाला ढकलू लागले, तर स्प्रिंग दार पुरते मिटवू शकणार नाही. ते अधांतरीच हलत राहील. इंजिनातही हेच घडते. मिनिटाला बारा हजार फेरे घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप सेकंदाला शंभर वेळा उघडते आणि मिटते. अशा वेळी स्प्रिंग मागे पडते, झडप उघडीच राहते आणि वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळून इंजिनाचा चुराडा होऊ शकतो. स्प्रिंग अधिक कडक केली तर घर्षण वाढते, शिवाय त्या काळच्या पोलादाच्या स्प्रिंगा तुटतही असत. इंजिनाच्या वेगाची मर्यादा अशा रीतीने एका साध्या स्प्रिंगने ठरविलेली होती.

यावरचा उपाय तत्त्वतः सोपा होता. दार उघडायला जसा एक हात आहे, तसाच ते ओढून मिटवायला दुसरा हात ठेवावा. झडप उघडणारा एक कॅम आणि मिटविणारा दुसरा कॅम, अशी रचना केली की झडप स्प्रिंगच्या मर्जीवर राहत नाही. ‘डेस्मोड्रोमिक’ हा शब्द बंधन आणि धाव या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. ही कल्पना ताल्योनी यांची नव्हती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धापूर्वीच फ्रान्समधील शर्यतीच्या मोटारींत तिचा प्रयोग झाला होता, मर्सिडीज-बेन्झने इ.स. १९५४ आणि १९५५ मध्ये याच रचनेच्या मोटारीने फॉर्म्युला वनमध्ये यश मिळविले. मात्र मर्सिडीज इ.स. १९५५ अखेर शर्यतींतून बाहेर पडली आणि तिची रचना तिच्यासोबतच मागे राहिली. ताल्योनी यांचे वेगळेपण हे की, मोठ्या मोटारीतील गुंतागुंतीची यंत्रणा त्यांनी मुठीएवढ्या सिलिंडरच्या डोक्यावर बसविली आणि मग जन्मभर तिचा पाठपुरावा केला.

त्यांच्या १२५ घन सेंटिमीटरच्या शर्यती इंजिनात तीन कॅमशाफ्ट होते. बाहेरचे दोन झडपा उघडत, मधला त्या मिटवीत असे. हे इंजिन मिनिटाला साडेबारा हजार फेऱ्यांपर्यंत निर्धास्तपणे चालविता येई. चढत्या वेगाच्या भरात स्वाराने चुकून खालचा गियर टाकला आणि फेरे त्याही पलीकडे गेले, तरी झडपा पिस्टनवर आदळत नसत. शक्तीतील वाढीपेक्षाही ही निश्चिंती शर्यतपटूंना अधिक मोलाची वाटे.

जुलै १९५६ मध्ये स्वीडनमधील हेडेमोरा येथे ही गाडी पहिल्यांदा शर्यतीत उतरली. देल्यी अंतोनी यांनी पहिल्याच प्रयत्नात, इतर सर्व स्पर्धकांना एक फेरी मागे टाकून ती जिंकली. हा आनंद फार काळ टिकला नाही. काही आठवड्यांतच मोंझा येथे सराव करताना देल्यी अंतोनी यांचा अपघाती मृत्यू झाला. मारियानापासूनच्या प्रत्येक गाडीची पारख ज्यांच्या हातून झाली होती, तो माणूसच गेल्याने डेस्मोच्या विकासाला मोठी खीळ बसली. पाठोपाठ इ.स. १९५७ मध्ये मिल्ले मिल्या या मोटारशर्यतीत झालेल्या भीषण अपघातात प्रेक्षक मृत्युमुखी पडले. परिणामी इटलीतील खुल्या रस्त्यांवरील शर्यती बंद झाल्या आणि मारियानाचे रणांगणच नाहीसे झाले. यापुढे कस लागणार होता तो बंदिस्त मार्गांवर, ग्रां प्री शर्यतींत.

इ.स. १९५८ चा हंगाम डुकाटीने जवळजवळ जिंकला होता. आल्बेर्तो गांदोस्सी यांनी बेल्जियम आणि स्वीडन येथे विजय मिळविले. विश्वविजेतेपद मात्र एमव्ही अगुस्ताच्या कार्लो उब्ब्याली यांच्याकडे गेले आणि गांदोस्सी दुसरे राहिले. हंगामाच्या अखेरीस मोंझाला १२५ च्या शर्यतीत पहिल्या पाचही क्रमांकांवर डुकाटी होत्या. त्या दिवशीचे विजेते ब्रुनो स्पाज्जारी हे नाव पुढे पुन्हा येणार आहे. पुढच्या वर्षी अल्स्टर ग्रां प्रीमध्ये माइक हेलवुड या एकोणीस वर्षांच्या इंग्लिश तरुणाने आपला पहिला ग्रां प्री विजय मिळविला, तोही ताल्योनी यांच्या १२५ डेस्मोवर. हेही नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

शर्यतीविना दशक

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस इटलीत फियाटच्या लहान मोटारी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येऊ लागल्या आणि मोटरसायकलींची मागणी घसरली. डुकाटीने शर्यत विभाग बंद केला. ताल्योनी यांच्याजवळ जगातील एक अत्यंत प्रगत इंजिन होते, परंतु ते धावविण्यासाठी पैसा नव्हता. या दशकात त्यांनी मारियानाच्याच घाटाची, एका सिलिंडरची, १७५ ते ३५० घन सेंटिमीटरपर्यंतची अनेक इंजिने बनविली. त्यांतील इ.स. १९६४ ची ‘माक १’ ही २५० घन सेंटिमीटरची गाडी त्या काळातील अत्यंत वेगवान गाड्यांत गणली गेली.

अमेरिकेतील वितरक बर्लिनर यांच्या मागणीवरून तयार झालेली ‘अपोलो’ हा या काळातला एक विलक्षण अध्याय होय. अमेरिकी पोलिसांना विकता यावी अशी, चार सिलिंडरांची, साडेबाराशे घन सेंटिमीटरहून अधिक क्षमतेची ही महाकाय मोटरसायकल होती. तिची शक्ती इतकी होती की, त्या काळचे टायर ती पेलू शकत नसत. चाचणीत त्यांच्या अक्षरशः चिंध्या झाल्या. शक्ती कमी केल्यावर गाडीचे आकर्षण उरले नाही आणि सरकारने खर्चास नकार दिला. अपोलो विक्रीस आलीच नाही. मात्र तिच्यातील सिलिंडरांच्या जोड्या एकमेकींशी नव्वद अंशांचा कोन करून बसविलेल्या होत्या आणि तो कोन ताल्योनी विसरले नाहीत.

याच काळाच्या शेवटी त्यांनी एक शांत पण दूरगामी काम केले. डेस्मोची तीन कॅमशाफ्टांची रचना त्यांनी एका कॅमशाफ्टवर आणली. उघडणारे आणि मिटविणारे चारही कॅम एकाच दांड्यावर बसले. खर्च आटोक्यात आला आणि इ.स. १९६८ मध्ये २५० व ३५० घन सेंटिमीटरच्या ‘मार्क ३ डी’ या गाड्या विक्रीस आल्या. दुकानात जाऊन कोणीही विकत घेऊ शकेल अशा मोटरसायकलीत डेस्मोड्रोमिक झडपा प्रथमच आल्या होत्या. हेडेमोराच्या विजयानंतर बारा वर्षे उलटली होती.

इमोला, १९७२

इ.स. १९६९ मध्ये होंडाने चार सिलिंडरांची ७५० घन सेंटिमीटरची गाडी बाजारात आणली आणि मोठ्या मोटरसायकलींची स्पर्धा सुरू झाली. डुकाटीच्या नव्या व्यवस्थापनानेही ७५० ची मागणी केली. मार्च १९७० मध्ये ताल्योनी यांनी आराखड्यास हात घातला. त्यांनी दोन सिलिंडर नव्वद अंशांत ठेवले, एक जवळजवळ आडवा पुढे आणि दुसरा उभा मागे. बाजूने पाहता इंग्रजी एल अक्षरासारखी दिसणारी ही मांडणी पुढे डुकाटीची खूण ठरली. या कोनात दोन पिस्टनांचे मुख्य धक्के एकमेकांना बऱ्याच अंशी सावरतात, त्यामुळे इंजिन थरथरत नाही. ते अरुंद असल्याने वळणावर गाडी खूप झुकविता येते. आणि दोन्ही सिलिंडरांना वारा मिळतो. तोटाही होता. पुढचा सिलिंडर आडवा आल्यामुळे गाडीची लांबी वाढली आणि ती चटकन वळेना. ताल्योनी यांनी हा तोटा स्वीकारला, कारण लांब गाडी वेगात स्थिर राहते. इ.स. १९७१ मध्ये ‘जीटी ७५०’ विक्रीस आली. तिच्या झडपांना साध्या स्प्रिंगाच होत्या.

इमोला येथे २३ एप्रिल १९७२ रोजी दोनशे मैलांची शर्यत जाहीर झाली. ही शर्यत विक्रीच्या गाड्यांवर आधारलेल्या ७५० वर्गासाठी होती. एमव्ही अगुस्ता, नॉर्टन, ट्रायम्फ, होंडा, मोटो गुत्सी असे मातब्बर संघ येणार होते. डुकाटीचे संचालक फ्रेदमानो स्पायरानी यांनी भाग घेण्याचे ठरविले, तेव्हा ताल्योनी यांच्या हाती फारच थोडा अवधी होता. त्यांनी जीटी ७५० चाच सांगाडा घेतला आणि इंजिनाच्या डोक्यावर डेस्मो बसविली. गाड्या इतक्या घाईत आणि इतक्या प्रामाणिकपणे रस्त्यावरच्या गाडीपासून बनल्या होत्या की, उभ्या स्टँडसाठी सांगाड्यावर जोडलेले कानही काढलेले नव्हते. शर्यतीच्या गाडीवर स्टँडचे कान पाहून प्रतिस्पर्धी हसले असतील तर त्यांना दोष देता येत नाही.

स्वार मिळविणेही कठीण गेले. अनेक नामवंतांनी नकार दिल्यावर इंग्लंडचे पॉल स्मार्ट यांना बोलावण्यात आले. ते तेव्हा अमेरिकेत शर्यतीसाठी गेले होते. त्यांच्या वतीने होकार त्यांच्या पत्नीने कळविला. दुसरी गाडी मोंझाचे १९५८ चे विजेते ब्रुनो स्पाज्जारी यांच्याकडे होती. ते आता एकोणचाळीस वर्षांचे होते.

सुमारे सत्तर हजार प्रेक्षकांसमोर शर्यत सुरू झाली. आरंभी विश्वविजेते जाकोमो अगोस्तिनी एमव्हीवर आघाडीस होते. डुकाटीच्या दोन्ही गाड्यांनी त्यांना गाठून मागे टाकले आणि पुढे एमव्ही नादुरुस्त होऊन शर्यतीबाहेर गेली. उरलेली शर्यत दोन डुकाटींतच रंगली. अखेर स्मार्ट पहिले आणि स्पाज्जारी दुसरे आले. ज्या गावच्या शाळेत ताल्योनी यांनी विद्यार्थ्यांसह आपले छोटे इंजिन रेखाटले होते, त्याच गावात हे घडले. तोवर लहान इंजिनांसाठी ओळखली जाणारी डुकाटी एका दुपारीत मोठ्या मोटरसायकलींच्या पंगतीत जाऊन बसली.

या विजयाची प्रतिकृती इ.स. १९७४ मध्ये ‘७५० सुपर स्पोर्ट’ या नावाने विक्रीस आली. हिरवट सांगाडा, अर्धे वायुकवच, डेस्मो झडपा आणि किमान सजावट अशी ही गाडी शर्यतीच्या मार्गावर नेण्यासाठीच जणू बनविली होती. रस्त्यावर चालविण्यापुरते दिवे आणि आरसे तिला जोडलेले होते. अशा जेमतेम चारशे गाड्या तयार झाल्या. पुढील काळात इटलीत आणि अन्यत्र शर्यतीच्या मार्गासाठी म्हणून ज्या वेगवान मोटरसायकली विकल्या गेल्या, त्यांच्या वंशावळीत हिला मूळ पुरुषाचे स्थान देणे अतिशयोक्त ठरू नये. पुढच्याच वर्षी तिच्या जागी ८६४ घन सेंटिमीटरची ‘९०० सुपर स्पोर्ट’ आली.

व्यवस्थापनाशी मतभेद

इमोलाच्या यशानंतर डुकाटी सुस्थिर झाली असती, पण तसे घडले नाही. कंपनी सरकारी असल्याने संचालक वारंवार बदलत. नव्या संचालकांना शर्यतींपेक्षा खपाची चिंता होती. नामवंत मोटार-रचनाकार जॉर्जेत्तो ज्युज्यारो यांच्याकडून ‘८६० जीटी’ चे कोनदार रूप करवून घेण्यात आले. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. दोन समांतर सिलिंडरांची, लहान आणि स्वस्त गाडी बनविण्याचा निर्णय झाला, तेव्हा ताल्योनी यांनी ते काम करण्यास नकार दिला. काम दुसऱ्यांकडे गेले आणि गाडी बाजारात अपयशी ठरली. व्यवस्थापनाची बाजू अगदीच चुकीची होती असे म्हणता येणार नाही. बेव्हल गियरची इंजिने जुळविण्यास फार वेळ घेत आणि डेस्मोच्या प्रत्येक झडपेचे उघडण्याचे व मिटण्याचे असे दोन्ही अंतर तपासावे लागे. ताल्योनी यांची इंजिने सुंदर होती, तशीच ती महागही होती.

याच खटपटीतून त्यांचे शेवटचे मोठे इंजिन जन्मास आले. ‘पँटा’ या ५०० घन सेंटिमीटरच्या गाडीत त्यांनी नव्वद अंशांची मांडणी आणि डेस्मो कायम ठेवली, पण बेव्हल गियरांच्या जागी दातेरी रबरी पट्टे बसविले. इंजिन स्वस्त, हलके आणि शांत झाले. इ.स. १९७९ मध्ये पँटा विक्रीस आली. टोनी रटर यांनी पँटापासून बनलेल्या गाड्यांवर इ.स. १९८१ ते १९८४ अशी सलग चार वर्षे फॉर्म्युला टू वर्गाचे विश्वविजेतेपद मिळविले. ज्यांना ताल्योनी केवळ हट्टी वाटतात त्यांनी पँटाचे पट्टे पाहावेत; वीस वर्षे जपलेला उभा दांडा त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून टाकला होता.

आयल ऑफ मॅन, १९७८

मधल्या काळात एका जुन्या स्वाराने ताल्योनी यांच्या इंजिनाला पुन्हा साथ दिली. माइक हेलवुड यांनी इ.स. १९६७ नंतर ग्रां प्री मोटरसायकल शर्यती सोडल्या होत्या. ते मोटारींच्या शर्यतींत गेले आणि इ.स. १९७४ मध्ये न्युर्बुर्गरिंग येथील अपघातात त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली. अडतिसाव्या वर्षी, अकरा वर्षांच्या खंडानंतर, त्यांनी आयल ऑफ मॅन येथील टीटी शर्यतीत परतण्याचे ठरविले आणि गाडी निवडली ती ९०० घन सेंटिमीटर वर्गातील डुकाटी. मँचेस्टरच्या एका लहान विक्रेत्याच्या संघाने ती सज्ज केली होती.

३ जून १९७८ रोजी फॉर्म्युला वन वर्गात हेलवुड यांनी होंडावरील फिल रीड यांना गाठले. रीड यांचे इंजिन निकामी झाले आणि हेलवुड ताशी सुमारे १७४ किलोमीटरच्या सरासरीने विजयी झाले. त्या वर्षीचे या वर्गाचे विश्वविजेतेपदही त्यांना मिळाले. अल्स्टरपासून एकोणीस वर्षांनी, त्याच रचनाकाराच्या झडपांवर हा विजय आला होता. डुकाटीने लगोलग हेलवुड यांच्या नावाची प्रतिकृती बाजारात आणली आणि अडचणीच्या वर्षांत तिच्या विक्रीने कारखान्याला मोठा हात दिला.

अखेरची वर्षे

ऐंशीच्या दशकात ताल्योनी यांनी दोन पँटा इंजिने एकत्र जोडल्यासारखे, चार सिलिंडरांचे एक प्रायोगिक इंजिन तयार केले. ते ‘बिपँटा’ म्हणून ओळखले जाते. त्याला कारखान्याची मान्यता मिळाली नाही. इ.स. १९८५ मध्ये कास्तिल्योनी बंधूंच्या काजिवा कंपनीने डुकाटी विकत घेतली आणि तरुण अभियंते मास्सिमो बोर्दी यांच्याकडे नव्या इंजिनाची जबाबदारी आली. बोर्दी यांना प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, पाण्याने थंड होणारे इंजिन आणि इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा हवा होता. ताल्योनी यांचा कल शेवटपर्यंत दोन झडपा आणि वाऱ्याने थंड होणाऱ्या साध्या इंजिनाकडे राहिला. या वादात काळाने बोर्दी यांच्या बाजूने कौल दिला. त्यांच्या ‘८५१’ या गाडीच्या वंशाने इ.स. १९९० मध्ये रेमों रोश यांच्या हातून डुकाटीला पहिले सुपरबाइक विश्वविजेतेपद मिळवून दिले. मात्र त्या इंजिनातही सिलिंडरांचा कोन नव्वद अंशांचाच होता, दातेरी पट्टे पँटाचेच होते आणि झडपा डेस्मोच्याच होत्या. ताल्योनी यांच्या दोन-झडपी पँटा इंजिनाचा वंशही संपला नाही, इ.स. १९९३ ची लोकप्रिय ‘मॉन्स्टर’ त्यावरच उभी होती.

निवृत्तीनंतर ताल्योनी बोलोन्यातच राहिले. १८ जुलै २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरचा डेस्मो

ताल्योनी यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, इ.स. २००३ मध्ये, डुकाटी मोटोजीपी या सर्वोच्च वर्गात उतरली. त्या गाडीचे नाव ‘देस्मोसेदिची’ म्हणजे सोळा झडपांची डेस्मो असे ठेवण्यात आले. तिला नव्वद अंशांत बसविलेले चार सिलिंडर होते. अपोलो आणि बिपँटा यांत ताल्योनी यांनी मांडलेला आणि दोन्ही वेळा नाकारला गेलेला विचार याच स्वरूपाचा होता. इ.स. २००७ मध्ये केसी स्टोनर यांनी या गाडीवर विश्वविजेतेपद मिळविले. इ.स. २०१८ पासून विकली जाणारी ‘पानिगाले व्ही ४’ ही शर्यतीच्या मार्गासाठी बनविलेली गाडीही त्याच मांडणीची आणि डेस्मो झडपांची आहे.

स्प्रिंगचे पोलाद आता पूर्वीसारखे राहिलेले नाही आणि रस्त्यावरील गाड्यांपुरता झडपेचा प्रश्न फार तीव्रही राहिलेला नाही. दूर पल्ल्याच्या प्रवासासाठी बनविलेल्या ‘मुल्तिस्त्रादा व्ही ४’ या गाडीच्या इंजिनात डुकाटीने इ.स. २०२० मध्ये साध्या स्प्रिंगा बसविल्या. देखभालीचा खर्च आणि झडपा तपासण्यामधील अंतर हे त्यामागचे कारण होते. मोटोजीपीच्या गाड्यांत डेस्मो कायम राहिला.